एडेलवाइस घरात वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी कुंडीत एडेलवाइस, म्हणजे आल्प्स पर्वतात उगवणारे पांढऱ्या मखमली फुलांचे रोप, वाढवतो आहे. पहिली दोन रोपे मी गमावली, तिसरे टिकले आणि त्याच्याच बियांपासून झालेली रोपे आज खिडकीत आहेत. या काळात नव्याने हे रोप घेणाऱ्यांनी जे प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारले, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत.

एडेलवाइस घरात खरोखर जगते का?

जगते, पण घरात कुठे ठेवता यावर सगळे अवलंबून आहे. उबदार, बंद, पडदे ओढलेल्या बैठकीच्या खोलीत ते वर्षभर जगणार नाही. भरपूर उजेडाची आणि बहुतेक वेळ उघडी राहणारी खिडकी, वारा खेळता असलेली गॅलरी, हिवाळ्यात न तापवलेली खोली, यांपैकी काही तुमच्याकडे असेल तर शक्यता चांगली आहे.

माझे मत विचाराल तर या रोपाला घरात पाहुण्यासारखे वागवावे. फुलावर आले की दोन-तीन आठवडे टेबलाजवळ आणावे, डोळे भरून पाहावे आणि परत त्याच्या मोकळ्या जागी ठेवावे. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात 2006 साली सुरू झालेले डेव्हिस अल्पाइन हाउस, म्हणजे उंच पर्वतांवरच्या रोपांचे काचघर, आहे. तिथेही बरीचशी रोपे मागच्या रोपवाटिकेत वाढतात आणि बहरात आल्यावर काचघरात मांडली जातात. एवढ्या तज्ज्ञ माळ्यांना ही पद्धत पटली असेल, तर आपणही ती बिनदिक्कत उचलावी.

एडेलवाइसच्या फुलाचा पांढरा भाग म्हणजे पाकळ्याच ना?

नाही. त्या चांदणीच्या आकाराच्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे छदे, म्हणजेच फुलांभोवतीची रूपांतरित पाने. त्यांच्यावर लोकरीसारखी दाट लव असते, म्हणून ती पांढरी मखमली दिसतात. खरी फुले मधल्या पिवळसर गोंड्यांमध्ये, अगदी बारीक आणि दाटीने बसलेली असतात. एडेलवाइस सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले आहे, आणि आपण ज्याला एक फूल म्हणतो तो मुळात अनेक स्तबकांचा, म्हणजे बारीक फुलांच्या दाट गोंड्यांचा, झुबका आहे. जर्मन भाषेत ‘एडेल’ म्हणजे उदात्त आणि ‘वाइस’ म्हणजे पांढरे. शास्त्रीय नाव लिओन्टोपोडियम, त्याचा ग्रीक अर्थ सिंहाचा पंजा. गोंडे आणि लवदार छदे एकत्र पाहिली की हे नाव लगेच पटते.

ही लव नुसती शोभेची नाही. ती वाऱ्यात पानाचे पाणी उडू देत नाही आणि थंडीला अडवते. 2005 मध्ये बेल्जियममधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी या तंतूंची सूक्ष्म रचना तपासली, तेव्हा असे दिसले की तंतू अतिनील किरण स्वतःतच शोषून घेतात आणि दिसणारा प्रकाश मात्र आत जाऊ देतात. घरातली काळजी घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण हीच लव पाणी धरून ठेवते आणि मग कुजायला कारण होते. या रोपाच्या पानांवर कधीही फवाऱ्याने पाणी मारू नका.

माझे घर समुद्रसपाटीवर आहे. उंचीवरची विरळ हवा नसेल तर चालेल का?

चालेल. आल्प्समध्ये एडेलवाइस साधारण 1,800 ते 3,000 मीटर उंचीवर, मुख्यतः चुनखडीच्या खडकाळ उतारांवर आढळते. त्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो, पण रोपाला त्याची गरज नसते. उंचीबरोबर बाकीच्या ज्या गोष्टी येतात त्या त्याला हव्या असतात : दर 1,000 मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरणारे तापमान, प्रखर प्रकाश, सतत हलती हवा आणि दगडांतून क्षणात वाहून जाणारे पाणी. यातल्या शेवटच्या तीन तुम्ही कुठेही देऊ शकता. तापमान हाच एक अवघड भाग आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

कुंडी कुठे ठेवू?

घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीच्या अगदी कट्ट्यावर. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन मिळावे. आपल्या डोळ्यांना खोलीभर सारखाच उजेड वाटतो, पण काचेपासून एक-दोन मीटर आत गेले की रोपाला मिळणारा प्रकाश झपाट्याने घटतो. ‘खिडकीजवळच्या टेबलावर’ ही जागा पानाफुलांच्या बऱ्याच झाडांना पुरते, एडेलवाइसला पुरत नाही.

खिडकी उघडी ठेवता आली तर फारच उत्तम. वाऱ्यामुळे लव कोरडी राहते आणि खोडही बुटके, कणखर होते. उघडणे शक्य नसेल तर लहान पंखा मंद वेगाने, रोपाच्या बाजूने दिवसातून काही तास फिरू द्या.

उजेड कमी असेल तर दिव्याखाली वाढवता येईल का?

येईल. पांढरा एलईडी दिवा रोपापासून 15 ते 25 सेंटीमीटरवर टांगा आणि वाढीच्या काळात 14 तास चालू ठेवा. पर्वतात याला उन्हाळ्याच्या लांब दिवसांत, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये फुले येतात. म्हणून दिव्याचे तास टायमरवर ठरवून द्यावेत, आज आठ आणि उद्या सोळा असे करू नये. पानांचे देठ लांबू लागले, रोप एका बाजूला झुकले, की दिवा खाली आणायची वेळ झाली असे समजा.

किती उष्णता सहन होते?

दिवसा 15 ते 22 अंश सेल्सिअस असेल तर रोप खुशीत असते. 25 च्या वर त्याला ताण येतो. थोडे दिवस तीस अंशही ते काढते, पण रात्र गार असेल तरच. रात्रीच्या तापमानाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. दिवसभर प्रकाशात तयार केलेली साखर रोप रात्री श्वसनात खर्च करते आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च जास्त. सलग उबदार रात्री गेल्या की रोपाची कमाई तिथेच संपते, वाढ खुंटते आणि मुळे कमजोर होतात. त्यामुळे कडक उन्हाळ्यात दुपारच्या उन्हातून थोडे बाजूला घ्या, पण रात्री घरातल्या सर्वांत गार आणि हवेशीर जागी ठेवा.

मातीची कच्ची, रंग न दिलेली कुंडी इथे मोठी मदत करते. तिच्या भिंतींतून पाणी झिरपते, बाष्प होते आणि मुळे काही अंशांनी गार राहतात. ती कुंडी ओल्या वाळूने भरलेल्या पसरट भांड्यात अर्धी बुडवून ठेवली तर परिणाम आणखी चांगला होतो, कारण ओली वाळू उशिरा तापते. आल्प्समधली रोपे वाढवणारे माळी ही युक्ती पूर्वापार वापरतात.

मातीचे मिश्रण कसे असावे?

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक रोपे चुकीच्या मातीत मरतात. बाजारातले तयार कुंडीमिश्रण, कोकोपीट आणि शेणखत भरपूर असलेले, बाकी झाडांसाठी छान असेल. एडेलवाइससाठी ते फार ओले आणि फार सकस आहे.

माझे प्रमाण असे : दोन भाग 3 ते 6 मिलिमीटरची बारीक टोकदार खडी, एक भाग जाडी धुतलेली वाळू, एक भाग साधी बागेची माती आणि एक भाग चाळलेले जुने पर्णखत. त्यात मूठभर चुनखडीचा चुरा. म्हणजे निम्म्याहून जास्त मिश्रण दगडाचेच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात काही उगवेल असे वाटत नाही. तरीही मिश्रण मुठीत दाबून सोडल्यावर गोळा लगेच विस्कटला, तरच ते वापरा.

बांधकामाची बारीक वाळू टाळा. तिचे कण खडीमधल्या पोकळ्या भरून टाकतात आणि मिश्रण सिमेंटसारखे घट्ट बसते. समुद्राची वाळू तर नकोच, तिच्यात मीठ असते. खडी मिळत नसेल तर परलाइट (फुगवलेले हलके खनिज दाणे) किंवा प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) वापरता येईल, मात्र परलाइट हलका असल्याने कुंडी वाऱ्यात कलंडते.

रोप लावल्यावर वर दोन सेंटीमीटर खडीचा थर द्या आणि तो पानांच्या खालीपर्यंत सरकवा. पाने जिथून फुटतात तो जमिनीलगतचा भाग, त्याला मी रोपाचा गळा म्हणतो, तो कोरडा राहिला पाहिजे. मुळे ओल सहन करतात, गळा करत नाही. माझी पहिली दोन्ही रोपे गळ्यापाशी कुजून गेली. मुळे तेव्हा पांढरी, धडधाकट होती, म्हणूनच ते पाहून फार हळहळ वाटली.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा का?

गरज नाही. पाणी बारीक मातीतून एकदम मोठ्या पोकळीच्या थरात सहज उतरत नाही, ते सीमेवर अडते. तळाला खडी घातली की ओला पट्टा उलट वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा आणि खडी सगळ्या मिश्रणात मिसळा.

पाणी किती दिवसांनी घालायचे?

दिवस मोजून घालू नका. कुंडी उचलून पाहा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी, हे दोन आठवड्यांत हाताला कळू लागते. वाढीच्या काळात वरचे दोन-तीन सेंटीमीटर पूर्ण कोरडे झाले की भरपूर पाणी द्या, भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि बशीत साचलेले काढून टाका. थोडे थोडे रोज देणे सर्वांत वाईट, कारण त्याने वरचा थर आणि गळा सतत ओला राहतो.

मी खालून पाणी देतो. कुंडी पाण्याच्या भांड्यात 15-20 मिनिटे ठेवायची, वरची खडी जराशी गडद झाली की काढून निथळायची. पाने कोरडीच राहतात. वेळ सकाळची बरी.

आमचे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. त्रास होईल?

होणार नाही. एडेलवाइस चुनखडीवर वाढणारे रोप आहे, त्याला किंचित अल्कधर्मी माती चालते. फक्त मीठ वापरून मृदू केलेले पाणी देऊ नका, त्यातले सोडियम मुळांना बाधते.

हिवाळ्यात काय करायचे? पाने वाळून गेली, रोप मेले का?

घाईने फेकू नका. शरद सरता सरता पाने पिवळी, मग करडी होतात आणि वरचे सगळे वाळते. गळ्यापाशी मातीत बारीक, लवदार, करडे कोंब दडलेले असतात. नखाने हळूच खडी बाजूला केली तर दिसतात. ते टणक असतील तर रोप जिवंत आहे.

ही विश्रांती त्याला हवीच. रानात एडेलवाइस कित्येक महिने बर्फाखाली असते. आपल्याला बर्फ म्हणजे कडाक्याची थंडी वाटते, पण जाड बर्फ रजईसारखे काम करतो. वर हवा उणे वीस असली तरी बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास स्थिर राहते. शिवाय तिथले पाणी गोठलेले असल्याने मुळांभोवती ओलही फारशी नसते. म्हणजे रोपाचा खरा हिवाळा गार, स्थिर, अंधारा आणि कोरडा असतो. घरात मिळतो तो नेमका उलटा : उबदार, ओला आणि अर्धवट उजेडाचा. अशा हिवाळ्यात रोपाला झोपही मिळत नाही आणि वाढण्यापुरता प्रकाशही मिळत नाही. ते फिकट पाने काढते, साठा संपवते आणि वसंतात मान टाकते.

म्हणून वर्षातून निदान आठ ते दहा आठवडे त्याला 0 ते 7 अंशांच्या दरम्यान ठेवायला हवे. न तापवलेली खोली, जिन्याखालची गार जागा, आडोशाची गॅलरी, यातले काहीही चालेल. पाणी जवळपास बंद. मिश्रण पूर्ण धुळीसारखे होऊ नये एवढेच, महिन्यातून एकदा कडेने घोटभर. पाऊस पडतो अशा जागी उघड्यावर ठेवायचे असेल तर वर काच किंवा पारदर्शक छप्पर तिरके धरा आणि बाजू मोकळ्या सोडा. गोठणाऱ्या थंडीत कुंडीला चारही बाजूंनी थंडी लागते, तेव्हा तिला पेंढ्यात किंवा कोरड्या पानांत गुंडाळा.

आमच्याकडे हिवाळा गारच नसतो. मग?

मग फ्रीज. ऐकायला विचित्र वाटते, पण उपाय पक्का आहे. वाढ मंदावू लागली की पाणी हळूहळू कमी करा, दिव्याचे तास आठावर आणा आणि घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात दोन-तीन आठवडे ठेवा. वाळलेली पाने कात्रीने काढा, ओढू नका. मिश्रण जेमतेम दमट असताना कुंडी छिद्रे पाडलेल्या कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, 3-4 अंशांवर. झोपलेल्या रोपाला प्रकाश लागत नाही.

एक काळजी घ्या : त्याच कप्प्यात पिकणारी फळे ठेवू नका. सफरचंद, केळी यांसारख्या फळांतून एथिलीन वायू निघतो आणि तो सुप्त कोंबांना मारक ठरतो. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बुरशी दिसते का ते पाहा.

दहा आठवड्यांनी बाहेर काढताना थेट उन्हात नेऊ नका. आधी आठवडाभर गार सावलीत, मग सकाळचे ऊन, मग नेहमीची जागा. कोंब हिरवे होऊ लागल्यावर पहिले भरपूर पाणी द्या. उन्हाळ्याच्या रात्री 25 अंशांखाली जातच नसतील, तर मात्र हे सगळे करूनही रोप दोन-तीन वर्षांपलीकडे टिकवणे अवघड आहे. तिथे दरवर्षी नवे बी लावत राहणे जास्त शहाणपणाचे.

बियांपासून रोप कसे करायचे?

बी जेमतेम मिलिमीटरभर, डोक्यावर बारीक केसांचा झुपका. ताजे असेल तर चांगले रुजते, जुने फार आळशी. आधी त्याला गारवा द्यायचा : दमट बारीक वाळूत मिसळून, डबीत घालून, फ्रीजमध्ये तीन ते चार आठवडे. मग पसरट कुंडीत बारीक चाळलेल्या मिश्रणावर पसरा आणि मातीने झाकू नका, कारण रुजायला प्रकाश लागतो. खालून पाणी द्या, वर काच ठेवा, 15 ते 18 अंशांत उजेडात ठेवा. दोन ते चार आठवड्यांत टाचणीच्या टोकाएवढी रोपे दिसू लागतात. त्या दिवशी काच थोडी सरकवा, दोन दिवसांनी काढून टाका. दमट, कोंडलेल्या हवेत ही रोपे एका रात्रीत बुंध्याशी आडवी होतात.

सगळे बी एकदम रुजत नाही. ट्रे रिकामा करायची घाई करू नका. माझ्याकडे काही रोपे महिन्याहून उशिरा वर आली आहेत.

पहिल्या वर्षी फूल का आले नाही?

बियांपासूनचे रोप पहिल्या वर्षी पानांचा गुच्छ करते आणि दुसऱ्या वर्षी, हिवाळ्याची झोप झाल्यावर, फुलते. दुसऱ्या वर्षीही आले नाही तर आधी झोप पुरेशी मिळाली का ते पाहा, मग प्रकाश.

फुले आली, पण हिरवट आहेत. चित्रातल्यासारखी पांढरी का नाहीत?

सपाटीवर वाढवलेल्या एडेलवाइसबद्दल हे नेहमीचेच आहे. तीन कारणे सांगता येतील. प्रकाश कमी, खत जास्त, आणि अतिनील किरणांचा अभाव. उंचीवर दर 1,000 मीटरला अतिनील किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, तर घरातली काच त्यातले सर्वांत तीव्र किरण अडवून धरते. म्हणून कळ्या दिसू लागल्या की रोप काचेबाहेर, उघड्या हवेत ठेवा. पुढच्या वर्षी खत निम्मे करा. तरीही आल्प्समधल्या कड्यावरची शुभ्रता कुंडीत पूर्णपणे येत नाही, आणि मला त्या किंचित हिरवट चांदण्याही मनापासून आवडतात.

खत कधी द्यायचे?

वसंतात कोंब वाढू लागल्यावर एकदा आणि कळ्या येण्याआधी एकदा. नत्र कमी, पालाश जास्त असलेले द्रवखत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भागाने. यापेक्षा जास्त दिले तर रोप उंच, मऊ आणि माव्याला आमंत्रण देणारे होते.

कोणत्या किडी येतात?

घरात मावा आणि लाल कोळी. लवेमुळे दोन्ही उशिरा दिसतात, म्हणून आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू भिंगाने पाहा. साबणाचे पाणी फवारणे इथे टाळा, मऊ कोरड्या ब्रशने झटकणे बरे. कोळी आला म्हणजे जागा फार गरम आणि हवा कोंडलेली आहे. कुंडी बदलताना मुळांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण : सगळी माती धुऊन काढा, नवे मिश्रण वापरा.

माती ओली असूनही रोप कोमेजले आहे. आणखी पाणी देऊ?

अजिबात नाही. ओल्या मातीत कोमेजणे म्हणजे मुळे किंवा गळा कुजतो आहे. रोप लगेच उपसा, तपकिरी मऊ भाग स्वच्छ धारेने कापून टाका, एखादा दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या खडीच्या मिश्रणात लावा. चार-पाच दिवस पाणी देऊ नका. बाजूचा एखादा कोंब मुळासकट धड असेल तर तो वेगळा करून लावा, मुख्य रोपापेक्षा त्याचीच आशा जास्त.

किती वर्षे टिकते? कुंडी कधी बदलू?

कुंडीत साधारण तीन ते पाच वर्षे. मधला भाग म्हातारा होतो, कडेचे कोंब ताजे राहतात. म्हणून दर दोन वर्षांनी, वसंतात कोंब फुटताना, रोप काढून मुळांसकट दोन-तीन भाग करा आणि वेगवेगळे लावा. नवी कुंडी जुन्यापेक्षा बोटभरच मोठी. 10 ते 12 सेंटीमीटर रुंदीची, खोल कुंडी पुरते. जागा कमी असेल तर ‘मिग्नॉन’ ही बुटकी जात पाहा.

सहलीत डोंगरावर दिसले तर तिथून आणू का?

आणू नका. प्रेमाची आणि धाडसाची खूण म्हणून ही फुले इतकी खुडली गेली की स्वित्झर्लंडच्या ओबवाल्डन प्रांताला 1878 मध्येच संरक्षणाचा कायदा करावा लागला. आजही आल्प्समध्ये बऱ्याच ठिकाणी ते संरक्षित आहे. शिवाय खडकाच्या फटीत खोल गेलेली मुळे उपटताना तुटतात आणि असे रोप कुंडीत जवळजवळ कधीच धरत नाही. बी आणि रोपवाटिकेत वाढलेली रोपे सहज मिळतात. याच प्रजातीच्या बहिणी हिमालय, तिबेट आणि चीनमध्येही आहेत, त्याही तिथेच राहू द्याव्यात.

एडेलवाइस अवघड वाटते. पहिल्यांदा सोपे काही?

सेम्परव्हायव्हम, म्हणजे जाड मांसल पानांचे बुटके रोप, सर्वांत सोपे, विसराळू माणसाकडेही वाढते. त्यानंतर सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटा, जिच्या पानांच्या कडांवर चुन्याचे पांढरे ठिपके उमटतात आणि फूल नसतानाही ती देखणी दिसते. प्रिम्युला ऑरिक्युलाला ऊन कमी चालते. तिच्या पानाफुलांवरची पीठासारखी भुकटी पावसाने धुतली जाते, म्हणून युरोपातले हौशी लोक अठराव्या शतकापासून ती छपराखाली फळ्यांवर मांडत आले आहेत. जेन्शियन हे निळ्या फुलांचे पर्वतीय रोप मात्र सुरुवातीला घेऊ नका, निळ्या रंगाचा मोह कितीही झाला तरी. रोप जगते, पण कुंडीत फुलायला फार आढेवेढे घेते.

फुले सुकवून ठेवता येतात का?

येतात, आणि रंगरूप वर्षानुवर्षे राहते. छदे पूर्ण उघडली आणि मधले गोंडे अजून घट्ट असताना कापा, देठ वर बांधून हवेशीर अंधाऱ्या जागी दोन आठवडे उलटे टांगा. वहीत दाबायचे असेल तर वर-खाली टीपकागद ठेवा. एखादे फूल मात्र रोपावरच राहू द्या, म्हणजे पुढच्या वर्षासाठी ताजे बी मिळेल.